यादीतलं ठिकाण खरंच बघून यायचं असेल तर: नावापासून टिकपर्यंत

‘आयुष्यात एकदा तरी बघायचंच’ अशा ठिकाणांची यादी बहुतेकांकडे असते. कुणाच्या वहीत, कुणाच्या फोनमध्ये, कुणाच्या नुसती मनात. या याद्यांमध्ये एक उणीव मात्र जवळजवळ ठरलेली: त्यात फक्त नावं असतात. माचू पिचू, पेट्रा, आयफेल टॉवर, ताजमहाल. नुसतं नाव असलं की टिक करायला बसची खिडकीही पुरते. तशी टिक झाली की ते ठिकाण यादीतून जातं, पुन्हा तिथे जायचं कारण उरत नाही आणि बघायचं ते राहूनच जातं. एवढी सुट्टी, एवढा पैसा, एवढा प्रवास झाल्यावर असं व्हावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून पुढची सगळी पद्धत एका सवयीवर उभी आहे. प्रत्येक नावापुढे एक वाक्य लिहायचं: तिथे मला नेमकं काय बघायचंय? कुठल्या महिन्यात जायचं, कुठलं तिकीट काढायचं, किती वाजता पोचायचं, कुठे उभं राहायचं, हे सगळं त्या वाक्यातूनच ठरतं.

आधी वाक्य लिहा

झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवरचा व्हिक्टोरिया धबधबा घ्या. उंची सुमारे १०८ मीटर, रुंदी दीड किलोमीटरहून जास्त. ‘पाण्याचा पूर्ण जोर अनुभवायचाय’ असं तुमचं वाक्य असेल तर मार्च ते मे हे महिने तुमचे. पण त्या दिवसांत तुषारांचा ढग इतका दाट असतो की समोर उभं राहूनही कडा धड दिसत नाही, माणूस चिंब भिजतो आणि आवाजच जास्त अनुभवतो. ‘कड्याची अख्खी भिंत आणि खालची दरी बघायचीय’ असं वाक्य असेल तर पाणी उतरल्यावर जायला हवं. त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठलात तर झांबियाच्या बाजूचा बराचसा कडा कोरडा पडलेला असतो, तेव्हा झिंबाब्वेच्या बाजूने बघावं लागतं. यादीत नाव एकच, पण वाक्यं दोन आणि त्यांच्या सहलीही दोन वेगळ्या.

आयफेल टॉवरचंही तसंच. टॉवर ३३० मीटर उंच आहे, वर जायची रांग मोठी असते आणि वर गेल्यावर पॅरिस दिसतं. त्या पॅरिसमध्ये आयफेल टॉवर नसतो, कारण तुम्ही त्याच्यावरच उभे असता. तुमच्या वाक्यात टॉवर असेल तर सीन नदीपलीकडच्या त्रोकादेरोच्या चौथऱ्यावर जा, पॅरिस असेल तर वर चढा. न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंग सगळ्यात छान दिसते ती रॉकफेलर सेंटरच्या गच्चीवरून. हे आधी लक्षात आलं तर तिकिटाचे पैसे योग्य जागी पडतात.

वाक्य जितकं ठोस तितकं उपयोगी. ‘कैलास लेणं बघायचं’ यातून काहीच ठरत नाही. ‘वेरूळच्या कैलास लेण्याकडे वरच्या कड्यावरून खाली बघायचंय, म्हणजे एकाच खडकात वरून खाली खोदत आणलेलं मंदिर म्हणजे काय ते डोळ्यांना कळेल’ हे वाक्य लिहिलं की बाजूच्या चढाला वेळ ठेवायचा, पायात नीट बूट हवेत, भर दुपारचं ऊन टाळायचं, हे सगळं आपोआप सुचतं.

काही नावांपुढे ‘सगळे जातात म्हणून’ याखेरीज काही लिहिताच येणार नाही. ती खुशाल खोडा. युनेस्कोची जागतिक वारशाची यादी १९७८ साली अवघ्या १२ ठिकाणांनी सुरू झाली, आज तिच्यात बाराशेहून जास्त ठिकाणं आहेत. ती सगळी बघणं कुणालाही शक्य नाही, म्हणून निवड करताना अपराधी वाटायचं काहीच कारण नाही.

वाक्य आणि वास्तव यांचा मेळ आधीच बघून ठेवा. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातली मोनालिसा जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटरची आहे, काचेमागे आहे आणि तिच्यासमोर सदैव गर्दी असते. ‘तिच्यासमोर निवांत उभं राहायचंय’ हे वाक्य बहुतेक दिवशी खोटं ठरणार. त्याऐवजी ‘ती प्रत्यक्ष किती लहान आहे ते बघायचंय’ असं लिहिलंत तर निराशा होणार नाही, आणि उरलेला वेळ त्याच लूव्हरमधल्या ‘समोथ्रेसची विजयदेवता’ या पंखवाल्या शिल्पाला देता येईल. ते जिन्याच्या माथ्यावर आहे आणि लांबूनही मन भरून बघता येतं.

वाक्यावरून महिना ठरवा

पुष्कळ लोक आधी सुट्टी ठरवतात आणि मग तीत ठिकाण बसवतात. नाइलाज असतो, मान्य. पण निदान उलट बाजूनेही तपासून घ्या: त्या महिन्यात माझं वाक्य पूर्ण होईल का?

उत्तर ध्रुवीय प्रकाश बघायला नॉर्वेतल्या ट्रोम्सोला जून-जुलैमध्ये गेलात तर काहीच दिसणार नाही, कारण तिथे साधारण २० मे ते २२ जुलैपर्यंत सूर्य मावळतच नाही. अंधार हवा, म्हणजे सप्टेंबर अखेर ते मार्च. बोलिव्हियातल्या सालार दे उयुनी या मिठाच्या मैदानावर आकाशाचं प्रतिबिंब हवं असेल तर पावसाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये जावं लागतं. कोरड्या दिवसांत तिथे प्रतिबिंब नसतं, मिठाच्या षट्कोनी भेगा असतात. त्याही सुंदर दिसतात, पण तुमचं वाक्य कुठलं होतं? फुजी पर्वत लांबून स्वच्छ दिसावा असं वाटत असेल तर थंडीतली सकाळ गाठा. चढायचा असेल तर अधिकृत हंगाम जुलैपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा, आणि उन्हाळ्याच्या त्या दिवसांत फुजी पुष्कळदा ढगांत असतो.

काही वाक्यांना तर तारीखच लागते. इजिप्तमधल्या अबू सिंबेलच्या मोठ्या मंदिरात उगवत्या सूर्याचे किरण वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या सुमारास, थेट गाभाऱ्यापर्यंत पोचतात. ताजमहाल चांदण्यात बघायचा तर पौर्णिमा आणि तिच्या मागचे-पुढचे दोन-दोन दिवस अशा पाचच रात्री असतात. त्यातही शुक्रवार आणि रमजानचा महिना वगळावा लागतो.

कणा आणि फांद्या

आता एका सहलीपुरतं बोलू. यादीतली दहा नावं एका प्रवासात कोंबण्याआधी त्यांचे तीन गट करा. पहिल्या गटात ती, जी बघितली नाहीत तर सहलीला अर्थच नाही. अशी एक किंवा दोनच असावीत. दुसऱ्या गटात जमली तर हवीच अशी, तिसऱ्यात वाटेत लागली तर बघू अशी. पहिल्या गटातली ठिकाणं हा सहलीचा कणा. बाकी सगळं त्याभोवती रचायचं आणि वेळ आली की आधी बाकीचंच कापायचं.

कण्यातलं ठिकाण पोचल्याच्या दिवशी ठेवू नका. विमान उशिरा येतं, सामान मागे राहतं, झोप झालेली नसते. शेवटच्या दिवशीही ठेवू नका, कारण तिथे काही बिघडलं तर दुसरी संधी नाही. हवामानावर अवलंबून असलेलं ठिकाण होईल तितकं आधी ठेवावं आणि त्याच्या मागे एक मोकळा दिवस असावा. आयर्लंडजवळचं स्केलिग मायकल बेट हे याचं चांगलं उदाहरण. तिथे उतरवणाऱ्या होड्या फक्त उन्हाळी हंगामात सुटतात आणि समुद्र खवळलेला असला की तिकीट हातात असूनही फेरी रद्द होते. असं वारंवार होतं. राखीव दिवस नसेल तर तिथे जाण्याचा बेत म्हणजे निव्वळ नशिबावरचा डाव.

उंचीचा विचारही याच टप्प्यावर करा. पेरूमधलं माचू पिचू २,४३० मीटरवर आहे, पण त्यासाठी बहुतेक जण आधी ज्या कुस्को शहरात उतरतात ते ३,४०० मीटरवर. थेट समुद्रसपाटीवरून तिथे पोचून दुसऱ्या दिवशी पायपीट करणाऱ्यांना डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे सोसावं लागू शकतं. म्हणून कुस्कोच्या विमानतळावरून थेट खालच्या खोऱ्यात उतरायचं, आधी माचू पिचू बघायचं आणि शरीर रुळल्यावर कुस्को, असा उलटा क्रम पुष्कळ जण लावतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हा गिर्यारोहणातला सर्वमान्य नियम आहे. कुणाला हृदयाचा किंवा श्वसनाचा त्रास असेल तर तिकिटं काढण्याआधी डॉक्टरांशी बोला.

बरोबर कोण आहे त्याचाही हिशेब हवा. निघण्याआधी प्रत्येकाला त्याचं एक वाक्य विचारा, लहान मुलांनाही. प्रत्येकाचं निदान एक वाक्य पूर्ण होणार असेल तर दुसऱ्याच्या ठिकाणी थांबणं कुणाला जड जात नाही. आणि दोघांची वाक्यं एकाच सकाळी वेगवेगळ्या टोकांना असतील तर अर्धा दिवस वेगळं फिरण्यात काही गैर नाही.

तिकिटं, वार आणि बारीक अक्षरं

सर्वात जास्त सहली इथे फसतात, त्यामुळे जरा सविस्तर.

पहिलं, बंदचा वार. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. लूव्हर मंगळवारी बंद, त्याच पॅरिसमधलं ओर्से संग्रहालय सोमवारी. अजिंठा सोमवारी बंद तर वेरूळ मंगळवारी, त्यामुळे दोन्ही एका फेरीत करणाऱ्यांनी आठवड्याच्या सुरुवातीला फार जपून दिवस लावावेत. व्हॅटिकन संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार त्याला अपवाद, पण त्या दिवशी गर्दीही तशीच असते. वेळापत्रक आखताना पहिली ओळ बंदच्या वारांची लिहा, बाकी सगळं तिच्याखाली.

दुसरं, वेळेचं तिकीट. मिलानमध्ये लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ हे भित्तिचित्र बघायला छोट्या छोट्या गटांनी आत सोडतात आणि साधारण १५ मिनिटं मिळतात. आयत्या वेळी गेलेल्याला सहसा जागा नसते. ॲमस्टरडॅममधल्या ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात आणि दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटींसाठी खुली होतात. स्पेनमधल्या अल्हाम्ब्रा या राजवाडे-किल्ल्याच्या तिकिटावर नसरिद राजवाड्यांत शिरायची वेळ छापलेली असते. ती चुकली तर बाकीचा परिसर बघता येतो, पण जे बघायला लोक जगभरातून येतात तेच राहतं. अशा ठिकाणांसाठी आधी तिकीट, मग विमान, असा क्रम ठेवा. निदान दोन्ही एकाच दिवशी तरी ठरवा.

तिसरं, तिकीट नेमकं कशाचं आहे. माचू पिचूत आता ठरावीक मार्गांची तिकिटं असतात आणि ती एकमेकांना पर्याय नाहीत. फोटोत सगळीकडे दिसतं ते वरच्या गच्च्यांवरून दिसणारं दृश्य खालच्या भागातून जाणाऱ्या तिसऱ्या मार्गावरून मिळत नाही. स्वस्तात किंवा घाईत मिळालं म्हणून ते तिकीट घेतलं तर माणूस माचू पिचूच्या आत असतो, पण त्याचं वाक्य बाहेर राहतं. तिकीट घेताना नावापुढचं वाक्य समोर ठेवा आणि मार्ग, वेळ, मजला त्याच्याशी पडताळून पाहा. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक आहे ना, तेही याच वेळी बघून घ्या, कारण बऱ्याच देशांचा तसा आग्रह असतो.

चौथं, बघायची वस्तू जागेवर आहे का. लंडनचा बिग बेनचा मनोरा २०१७ ते २०२२ या काळात दुरुस्तीसाठी परांचीत झाकलेला होता. पॅरिसचं नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर थेट डिसेंबर २०२४ मध्ये उघडलं. तुतनखामुनचा सोन्याचा मुखवटा कित्येक दशकं कैरोच्या तहरीर चौकातल्या संग्रहालयात होता, आता तो गिझाच्या नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहे. त्यामुळे जुन्या मार्गदर्शक पुस्तकावर विसंबू नका. निघण्याच्या महिनाभर आधी एकदा आणि आठवडाभर आधी पुन्हा, ठिकाणाच्या अधिकृत संकेतस्थळावरची सूचनांची पाटी वाचा. तिकीटही तिथूनच घ्या. शोधात सर्वात वर येणारं संकेतस्थळ अधिकृतच असेल असं नाही.

एका दिवसाची आखणी: पेट्राचं उदाहरण

जॉर्डनमधल्या पेट्राला ‘दोन तासांत होतं’ असं म्हणणारे भेटतात. समजा तुमची वाक्यं दोन आहेत: ‘घळीच्या अरुंद फटीतून खजिना पहिल्यांदा दिसतो तो क्षण हवा’ आणि ‘वरच्या मठासमोर बसायचंय’. (खजिना आणि मठ ही तिथल्या कड्यात कोरलेल्या दोन भव्य वास्तूंची रूढ नावं.) आता हिशेब करा. प्रवेशद्वारापासून खजिन्यापर्यंत साधारण दोन किलोमीटर चालायचं, त्यातली सुमारे १.२ किलोमीटरची सीक म्हणजे ती घळ. खजिन्यावर थेट ऊन पडतं ते सकाळी. पण ऊन पडेपर्यंत गर्दीही आलेली असते. तुमच्या वाक्यात ‘तो क्षण’ आहे, ऊन नाही. म्हणजे दार उघडताच आत शिरा. खजिन्यापुढे आणखी मैल-दीड मैल चालल्यावर मठाच्या पायऱ्या लागतात, ८०० च्या वर. मठाचं तोंड पश्चिमेकडे, त्यामुळे त्यावर ऊन दुपारनंतर. क्रम आपोआप लागला: पहाटे खजिना, सकाळभर मधली थडगी आणि रस्ता, दुपारनंतर मठ. आणि हे सगळं अंतर परत चालायचं असतं, तेही शेवटी चढाने, दमल्यावर. हे दोन तासांचं काम मुळीच नाही, दिवस हवा.

असाच हिशेब प्रत्येक मोठ्या ठिकाणाचा करा. तोंड कुठल्या दिशेला? कंबोडियातल्या अंगकोर वाट मंदिराचं पश्चिमेला आहे. त्यामुळे सूर्योदयाला मनोरे काळ्या आकृतीसारखे उठून दिसतात आणि दर्शनी भाग उजळतो तो दुपारनंतर. कोरीवकाम बघायचं असेल तर पहाटेची धावपळ कशाला? सूर्याची दिशा तारखेनुसार दाखवणारी ॲप फोनवर सहज मिळतात. शेवटचा प्रवेश किती वाजता, हेही बघा. ‘सहा वाजता बंद’ म्हणजे सहसा त्याच्या अर्धा-एक तास आधीच दार लागतं.

दिवसाला मोठं ठिकाण एकच. दुसरं हवंच असेल तर ते वेगळ्या जातीचं असावं: सकाळी संग्रहालय झालं तर दुपारी बाग, नदीकाठ किंवा टेकडी. लागोपाठ दोन संग्रहालयं केली की दुसऱ्यातलं काही आठवत नाही. नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा, तिकिटांचे फोटोही.

तिथे पोचल्यावर

पहिली दहा मिनिटं फोन खिशात. एवढं एक पाळलंत तरी पुष्कळ. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी संग्रहालयात एक प्रयोग केला होता, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला तेव्हा आठवण तशी घसरली नाही. यातून सरळ उपाय निघतो: आधी बघा, मग अख्ख्या इमारतीचा एक फोटो पुरे, बाकीचे तपशिलाचे. एखादी झिजलेली पायरी, कोपऱ्यातलं नक्षीकाम, दगडाचा सांधा.

वाक्य आठवा आणि त्या जागी जा. मग तिथून उठून विरुद्ध बाजूला जा, लांब जा, जवळ या. ठिकाणाला फेरी घातल्याशिवाय त्याचा आकार कळत नाही. निघायच्या आधी एकदा मागे वळून पाहा, परतीच्या वाटेवरचा देखावा पुष्कळदा येतानाच्यापेक्षा चांगला असतो.

टिक तिथे उभं राहून करू नका. रात्री मुक्कामावर करा आणि तिच्यापुढे एक ओळ लिहा: काय दिसलं? ही ओळ सुचली नाही तर टिक करू नका, हा माझा ठाम आग्रह. ओळ लांबलचक नको. ‘दगड जवळून गुलाबी नाही, पट्ट्यापट्ट्यांचा आहे’ एवढीही पुरे.

हुकलं तर

ढग येतात, संप होतात, पोट बिघडतं. अशा वेळी यादीत तिसरी खूण ठेवा: गेलो होतो, वाक्य पूर्ण झालं नाही. कंसात कारण लिहा. या नोंदीमुळे पुढच्या वेळी महिना किंवा वेळ बदलता येते. पर्यायही आधीच ठरवलेला असावा. फुजी दिसला नाही तर त्या दिवशी काय, हे आदल्या रात्री माहीत असलं की धुक्याकडे बघत दिवस जात नाही. आणि राखीव दिवसही ढगात गेला तर सोडून द्या. हुकलेल्या एका ठिकाणापायी पुढचे दोन दिवस रेटून पळायचं, मग तीही ठिकाणं अर्धवट बघायची, हे सगळ्यात महाग पडतं.

परत आल्यावर यादी पुन्हा लावा

काही वाक्यं बदललेली असतील, काही नवी सुचलेली असतील. त्यांचा क्रम लावताना आवड बघा आणि दोन गोष्टी आणखी बघा. एक, ठिकाण किती दिवस तसं राहणार. माल्टाची ‘अझूर विंडो’ ही समुद्रातली खडकाची कमान ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. गॅलापागोसमधली ‘डार्विन्स आर्च’ मे २०२१ मध्ये पडली. कधी नियम बदलतो: ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या महाकाय खडकावर चढणं तिथल्या अनंगू लोकांच्या इच्छेचा मान राखून २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचं बंद आहे. ज्यांच्या यादीत ते असेल त्यांनी वाक्य बदलून ‘पायथ्याने फेरी आणि सूर्यास्ताला बदलते रंग’ असं करावं, उलुरू तसाच जास्त चांगला दिसतो.

दुसरी गोष्ट तुमचे गुडघे. स्केलिगच्या सहाशेवर पायऱ्या, पेट्राचा मठ, उंचावरचे प्रदेश, लांबच्या पायवाटा ही ठिकाणं वर सरकवा. संग्रहालयं, शहरं, नदीतून बोटीने दिसणारी ठिकाणं खाली गेली तरी चालतील, ती सत्तरीतही बघता येतात. पुढच्या सहलीचा कणा त्या वरच्या चार-पाच वाक्यांतून निवडा आणि त्याच संध्याकाळी त्याचा बंदचा वार शोधून नावाशेजारी लिहून ठेवा.